नऊ माणसांचं मस्टर

१

"मस्टरला काय पाय फुटले? कपाटाची किल्ली कोणाकडे? तुमच्याकडे! मग चोर कोण, तांबे?"

सोमवारी सकाळी शुभसागर शीतगृहाच्या फाटकातून आत शिरले तर हे कानावर आलं. मॅनेजर गानू टाइम ऑफिसच्या दारात उभे राहून ओरडत होते आणि समोर टाइमकीपर भिवा तांबे मान खाली घालून उभे होते. बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस, सप्टेंबरात निवृत्त व्हायचा, आणि त्याला दहा-बारा कामगारांच्या देखत चोर म्हणायचं! माझं डोकंच फिरलं.

मी सगुणा हातणकर. कोल्हापूरच्या आयकर कचेरीत तेवीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले, आता रत्नागिरीत राम आळीच्या मागे घरीच बसून लोकांचे कराचे कागद भरून देते. लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत मेले.

मिरजोळ्याच्या या कारखान्यात मासळी गोठवतात आणि लाँचवाल्यांना बर्फ विकतात. बर्फाच्या लाद्या काढायला नऊ जणांची एक टोळी होती, ती ठेक्यावर. शहाऐंशीच्या जूनपासून या नऊ जणांना कायम करायचं ठरलं होतं. अट एकच होती. मागच्या एप्रिल ते मार्च या वर्षात दोनशे चाळीस दिवस भरलेले हवेत. कंपनीनं मला एक तक्ता करायला सांगितला होता: ठेक्यावरच्या माणसाला काय मिळतं, कायम माणसाला काय मिळतं, फंड किती, बोनस किती, कर किती. त्याचा कच्चा खर्डा, कायमवाल्यांच्या नावांनिशी, मी शुक्रवारीच कंपनीला आणि युनियनला देऊन ठेवला होता. आज हजेरीच्या मस्टरवरून प्रत्येकाचे दिवस तेवढे मोजायचे होते.

आणि ते मस्टरच नाहीसं झालं होतं.

"गुरुवारी अकराला लेबर ऑफिसर येणार," गानू म्हणाले. "तोवर मस्टर मिळालं नाही तर पोलिसात तक्रार. तांबे, तुम्ही आत्तापासून घरी बसा. ग्रॅच्युइटी विसरा."

भिवा तांबे एवढंच म्हणाले, "साहेब, मी शनिवारी पाचला कपाट बंद केलं. आत काय कमी आहे ते बघितलं नाय, ही माझी चूक. पण चोरी माझी नाय."

माझ्या जिभेला कधी हाड नव्हतं. मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "मस्टर नसलं म्हणून काय अडलं? नऊ जण प्रतिज्ञापत्रं करतील आणि ऑफिसर तीच धरील. टोळी कायम होणारच!"

ते बोलले नसते तर बरं झालं असतं. ज्याला ऐकायला नको होतं तो चार हातांवर उभा होता.

२

भिवा तांब्यांना मी फाटकाबाहेर गाठलं. सायकल हातात धरून चालत होते, वर बसायचं भानच नव्हतं.

"शनिवारी कपाट उघडं कधी होतं?" मी विचारलं.

"चार ते पाच. युनियनची मीटिंग होती टाइम ऑफिसात. मी मधे दहा मिनटं फाटकावर गेलो दुसऱ्या पाळीची हजेरी घ्यायला. मीटिंगवाले चहाला बाहेर आले होते. आत युनियनचा बाबू कीर एकटा बसला होता कागद लिहीत. टोळीचा ठेकेदार सखाराम सुर्वे त्याचं बिल विचारायला येऊन गेला. गानूसाहेब फोन करायला येऊन गेले."

"म्हणजे तिघंच."

"तिघं. पण सगुणाताई, मी कोणाचं नाव घेणार नाय. न बघता कोणाला चोर म्हणणं काय असतं ते मला आज कळलंय."

एवढं बोलून ते सायकलवर बसले आणि गेले. मी मात्र परत आत शिरले.

गानूंच्या टेबलावर पंखा फिरत होता तरी त्यांचा सदरा भिजलेला. मेच्या उकाड्यात सांगलीच्या माणसाचे हाल होतात ते काही खोटं नाही.

"हातणकरबाई, तुमचं काम तक्त्याचं. चौकशीचं नाही."

"तक्त्याचंच विचारते. नऊ जण कायम झाले तर कंपनीला किती भुर्दंड?"

"महिन्याला तीन हजारांच्या आसपास. शिवाय बोनस, रजा, फंडातला आमचा वाटा." त्यांनी डोळे बारीक केले. "म्हणजे मस्टर मी पळवलं, असं?"

"म्हटलं नाही मी."

"मुंबईच्या ऑफिसनं मंजुरी दिलीय, बाई. मला काय पडलंय! उलट ही माणसं कायम झाली तर मी रजेवर धाक तरी ठेवीन. मार्चमध्ये तुमच्या शिमग्यानं माझं डोकं उठतं. आमच्याकडे रंगपंचमीला एक दिवस रंग खेळले की संपलं. इथं कोणाचा शिमगा कधी आणि कोणाची पालखी कधी, मला सहा वर्षांत कळलेलं नाही. ते सगळं तांबेच बघायचा."

"आणि त्याच तांब्यांना तुम्ही चोर म्हणालात."

गानूंनी मग फोन उचलला, म्हणजे मी जावं.

३

ठेकेदार सखाराम सुर्वे बर्फाच्या धक्क्यावर उभा राहून टोळीला शिव्या घालत होता. लाकडी घसरगुंडीवरून लाद्या खाली येत होत्या आणि नऊ जण त्या लोखंडी आकड्यांनी ओढून ट्रकमध्ये लावत होते.

"माझं नुकसान होतंय म्हणून मीच चोर, असं ना?" मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला. "लपवत नाय मी. टोळीमागं मला दिवसाला दोनशे सत्तर मिळतात. नऊ जणांना प्रत्येकी बावीस देतो. राहिलेलं माझं."

"म्हणजे दिवसाला बहात्तर रुपये. ते जूनपासून बंद."

"बंद. पण सगुणाताई, ही नऊच्या नऊ माणसं आंबेखोलची, माझ्याच गावची. देवळात माझ्या शेजारी बसतात. यांच्या पोटावर पाय दिला तर मला गावात पाणी कोण देईल? आणि त्या दोनशे सत्तरातनं पण शेकडा दोन कर आधीच कापून घेतात! मला नफा होवो का खड्ड्यात जावो. कायमवाल्यांचा एक पैसा कापत नायत, हा कुठला न्याय?"

"कायम माणसाचा वर्षाचा पगार अठरा हजारांच्या आत, म्हणून त्याला करच लागत नाही. तुझं ते बिल आहे, पगार नव्हे. बिलातून आधी कापतात, मग तू हिशेब दाखवून जास्तीचं परत मागायचंस. त्यासाठीच तर माझ्याकडे कागद दिलेस ना?"

"दिलेत. परत कधी मिळतात ते बघू," तो कुरकुरला. "माझी टोळी म्हणजे टोळी हो. नऊ पास, नऊ नावं. एक जण जरी आला नाय तरी त्या दिवसाचा दाम कंपनी देत नाय. बदली माणूस चालत नाय."

टोळीचा म्होरक्या शिवा आकडा टाकून जवळ आला. तिशीतला, हात गारठ्यानं पांढरे पडलेले.

"बाई, आमचे दिवस भरतात ना?"

"तुला काय वाटतं?"

"भरणारच! आजारी पडलो तरी येतो, एकामुळं आठ जणांचा रोज बुडतो म्हणून. गणपतीला दोन दिवस घेतले. तेरशीला गेलो शिमग्याला नि पुनवेच्या सकाळी हजर. तेव्हा सगळे कायमवाले पालखीत, मग बर्फ कोण काढणार?" तो थांबला. "तुमचा तो तक्ता वाचून दाखवलान मला कोणीतरी. कायम माणूस आजारी पडला तरी त्याला पगार मिळतो, खरं काय?"

"खरं."

"बस झालं मग. बाकी काय नको मला."

तो परत गेला. मला गलबलून आलं, आणि गलबलून आलं की मला राग येतो.

४

बाबू कीर युनियनचा सेक्रेटरी आणि कॉम्प्रेसरवरचा कायम कामगार. नऊ जणांना कायम करा म्हणून गेली दोन वर्षं हाच फाटकावर भाषणं देत होता. युनियनच्या खोलीत त्यानं मला खुर्ची पुसून दिली, चहा मागवला.

"भिवादादा चोर? साहेबाला लाज वाटायला हवी! गुरुवारी भिवादादाला कामावर घेतलं नाय तर मशीन बंद करीन मी."

"शनिवारी तू टाइम ऑफिसात होतास."

"होतो की. मीटिंगचा कागद लिहीत होतो. सखाराम आला नि कपाटाजवळ घुटमळला, ते बघितलंय मी. आणि साहेब? त्यांना टोळी कायम व्हायला नकोच आहे. त्यांच्या तोंडाकडं बघून सांगतो मी."

"तुझं आणि साहेबांचं वाकडं दिसतंय."

"वाकडं नसेल तर काय! मार्चात माझी रजा नाकारलीन. पुनवेला होम, दुसऱ्या दिवशी धुळवड, एवढ्या दोनच दिवसांची देतो म्हणाले. अहो, आमच्या वाडीत पालखी पाचव्या दिवशी येते. खांदा द्यायचा मान आमच्या घराकडं. मी सांगितलं, पगार कापा, पण पाचव्या दिवशी मी येणार नाय. आणि नाय आलो!" तो हसला. हसू चांगलं होतं त्याचं, कोणालाही आवडेल असं.

खिडकीत लाल धुळीनं माखलेली पायताणं होती. मी विचारलं तर म्हणाला, "घर बांधतोय. चिऱ्याच्या भिंती झाल्या, आता वरचे वासे आणि कौलं राहिलीत. ओव्हरटाइमच्या जिवावर चाललंय. होईल हळूहळू."

चहा घेऊन मी उठले. तिघांपैकी एकाच्याही तोंडावर चोरी लिहिलेली नव्हती. आयकरात असताना मला वाटायचं, माणूस खोटं बोलला की मला कळतं. कसलं काय!

५

मंगळवारी दुपारी मस्टर सापडलं.

टाइम ऑफिसच्या मांडणीवर जुन्या वह्यांच्या मागे होतं, असं शिपाई विठू म्हणाला. गानूंनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता. त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं, समाधान.

"मोजा तुम्हीच," ते म्हणाले.

मी मोजले. दोनशे अठ्ठावीस. नऊच्या नऊ ओळी, प्रत्येकी दोनशे अठ्ठावीस. बारा दिवस कमी.

"कळलं आता?" गानूंनी बोटानं टेबल वाजवलं. "तांब्यानं या लोकांना सांगून ठेवलं असणार की तुमचे दिवस भरले म्हणून. कोणास ठाऊक काय घेतलं त्यासाठी! मस्टर बाहेर आलं असतं तर पितळ उघडं पडलं असतं, म्हणून मागे सारून ठेवलं. गुरुवारी ऑफिसरसमोर मी त्याला बडतर्फ करणार. टोळीचा प्रश्नही मिटला."

"महिन्याच्या शेवटी सही तांब्यांचीच आहे?"

"बघा की. भि. तां. स्वच्छ."

तक्ता पुरा करायचा आहे असं सांगून मी मस्टर घरी नेलं. गानूंनी पोचपावती लिहून घेतली.

बुधवारी सकाळी भिवा तांब्यांची मुलगी कमला दारात आली. विशी-बाविशीची, शाळेत शिक्षिका. रडून रडून डोळे सुजलेले, पण आवाज सरळ.

"बाबा सोमवारपासून जेवले नाहीत. आई म्हणाली, ग्रॅच्युइटी गेली तर जाऊ दे, आपण भागवू. तर म्हणाले, पैसे गेले तर मी भाकरी मीठ लावून खाईन. पण बावीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी लिहिली, त्या जागेवरून चोर म्हणून उठणार नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ताई, हे मस्टर त्यांचं नाही. मी लहानपणापासून त्यांचं अक्षर बघते. ते ओळ मारताना पट्टी वापरतात. ह्या ओळी बघा, हातानं मारल्यात."

"पट्टीनं मारल्या नाहीत, एवढ्यावर ऑफिसर ऐकणार नाही, बाळा."

"मग कशावर ऐकेल?"

कशावर? मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायला लागले. मस्टर नव्यानं लिहिलेलं असेल तर खरे दिवस कुठे राहिले? बिलं मुंबईच्या ऑफिसात. टोळीला हाती पैसे, पावती नाही. खरं मस्टर कुठे असेल देव जाणे. आणि मग मी जागच्या जागी थांबले आणि माझ्याच कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं, ताई?"

"मूर्ख बाई आहे मी! अगं, तो कागद माझ्याच कपाटात पडलाय!"

सखाराम सुर्व्यांच्या फायलीत तो होता. कंपनीनं दिलेला, वर्षभराचा कर कापल्याचा दाखला. ठेकेदाराला दिलेली एकूण रक्कम अडुसष्ट हजार आठशे पन्नास, त्यावर शेकडा दोननं कापलेला कर तेराशे सत्त्याहत्तर, बँकेत भरल्याच्या चलनाचा नंबर. ठेका दिवसाला दोनशे सत्तरचा, नऊ जण पुरे असतील तरच.

"भाग," मी कमलाला म्हणाले. शिक्षिकाच ती.

तिनं कागदावर भागाकार मांडला. एक क्षण बघत राहिली. "दोनशे पंचावन्न. बाकी शून्य."

"दोनशे पंचावन्न दिवस नऊच्या नऊ माणसं कामावर होती. कंपनीनं पैसे मोजले, सरकारनं कर घेतला. कायम माणसाच्या नावानं असला दाखला निघालाच नसता, कारण त्याला करच नाही. ज्यानं हे खोटं मस्टर लिहिलं तो कायम नोकरीतला. मजुरीच्या बिलाला कर लागतो आणि त्याचा वेगळा कागद होतो हे त्याच्या गावीही नव्हतं."

कमलानं माझा हात घट्ट धरला. "मग बाबा सुटले?"

"नाही. गानू म्हणतील, खोटं मस्टरही तुझ्या बापानंच लिहिलं. लिहिणारा सापडल्याशिवाय सुटका नाही."

मी मस्टर परत उघडलं. एप्रिलपासून एकेक पान. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथ्या बघत मार्चच्या पानावर आले आणि माझं बोट एका जागी थांबलं. तेरस. तेरशीच्या रकान्यात नऊच्या नऊ जण हजर.

मी पुढचे रकाने बघितले. मग मी मोठ्यानं हसले. कमला घाबरली असेल.

६

गुरुवारी अकराला लेबर ऑफिसर पावसकर आले. गानूंच्या खोलीत मी, सखाराम, बाबू, शिवा आणि दाराजवळ भिवा तांबे. त्यांना मीच निरोप धाडून बोलावलं होतं. कमला बाहेर व्हरांड्यात उभी होती.

दाखला मी ऑफिसरच्या हातात दिला आणि भागाकार मांडून दाखवला. पावसकरांनी तो दोनदा तपासला. "म्हणजे हे मस्टर बनावट," ते म्हणाले.

"आणि ते तांब्यांनीच केलं!" गानू उसळले.

"थांबा हो साहेब, तुमच्यावरही येते मी." मी मार्चचं पान उघडलं. "खरं मस्टर शनिवारी गेलं आणि नष्ट झालं. नसतं झालं तर नवं डोक्यातून लिहावं लागलं नसतं. लिहिणाऱ्याला वाटलं होतं, मस्टर गेलं की टोळीची मागणीही गेली. पण सोमवारी मी सगळ्यांसमोर बडबडले की प्रतिज्ञापत्रं चालतील. म्हणून त्याला रातोरात नवं मस्टर लिहावं लागलं, दिवस कमी दाखवून. सत्तावीस दिवस कमी करायचे. कुठले करणार? सणाचे. आता बघा, शिमग्याला हे नऊ जण कधी गैरहजर दाखवलेत? पुनवेला. धुळवडीला. आणि मग मधले दिवस हजर राहून पाचव्या दिवशी परत गैरहजर."

"पुनवेला?" शिवा पुढे आला. "आमचा तेरशीचा शिमगा, बाई! पुनवेला आम्ही बर्फावर होतो! बंदरातल्या लाँचवाल्यांना विचारा!"

"तेच म्हणते. साहेब, तुमच्या कारखान्याचं मशीन शिमग्यात बंद का पडत नाही, कधी विचार केलात? इथं काही गावांत होम पुनवेला लागतो, काहींत दोन दिवस आधी, तेरशीलाच. कायमवाले सगळे पुनवेच्या शिमग्याच्या गावचे. टोळी तेरशीच्या शिमग्याच्या गावची. भिवा तांब्यांनी ही सांगड अकरा वर्षांपूर्वी घातली. टोळी तेरशीला जाते आणि पुनवेला परत येते, तेव्हा कायमवाले जातात. ज्यानं ही सांगड घातली तो माणूस असं पान लिहील का? मरून जाईल तरी नाही लिहिणार."

भिवा तांब्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"सखाराम आंबेखोलचा. तेरशीच्या रात्री तो स्वतः होमापाशी उभा होता. तो ही चूक करणार नाही. गानूसाहेब सांगलीचे. त्यांनी लिहिलं असतं तर शिमगाच नसता लिहिला, फार तर रंगपंचमी. हे पान ज्यानं लिहिलं त्याला शिमगा म्हणजे पुनवेचाच शिमगा. पुनवेला तो कधी कारखान्यात नसतोच, त्यामुळे त्या दिवशी बर्फ कोण काढतं हे त्यानं कधी डोळ्यांनी बघितलेलं नाही. आणि कायमवाले बरेच आहेत, पण कपाट उघडं असताना त्या खोलीत एकच होता. पालखी त्याच्या वाडीत पाचव्या दिवशी येते. कायमवाल्यांचं मस्टर काढा, साहेब. मार्चमध्ये पुनव, धुळवड आणि पाचवा दिवस असे नेमके तीन दिवस कोण गैरहजर आहे?"

काढायची गरजच पडली नाही. बाबू कीर मटकन खुर्चीत बसला होता.

"बाबू?" भिवा तांबे म्हणाले. एवढंच.

बाबूनं तोंड हातांत घेतलं. "तुमचा तक्ता वाचला मी शुक्रवारी, सगुणाताई. माझ्या नावापुढं लिहिलं होतंत तुम्ही. ओव्हरटाइम धरून अकराशे, तो नसला तर सातशे ऐंशी. फंड कापून. टोळी कायम झाली की त्यांना मशीन शिकवणार, ओव्हरटाइम बंद. घरावर सोसायटीचं कर्ज काढलंय, हप्ता तीनशेचा. दोन वर्षं मी यांच्यासाठी ओरडलो, पण कागदावर कधी बघितलं नव्हतं मला काय पडणार ते." त्याचा आवाज चिरकला. "मस्टरला दगड बांधून खाडीत टाकलं. नवीन कोरं युनियनच्या खोलीत होतं. जुन्या वह्यांच्या मागं ठेवलं, चुकून राहिलं असं वाटावं म्हणून. भिवादादावर येईल असं वाटलं नव्हतं मला."

"आल्यावर तरी बोललास का?" मी कडाडले. "सोमवारी चोर म्हणाले, मंगळवारी चोर म्हणाले. मला चहा पाजून भिवादादा-भिवादादा करत होतास! आणि सखारामाकडं बोट दाखवत होतास! लाज नाही वाटली?"

तो रडत होता. मला त्याची कीव आली नाही, खरं सांगते. त्याच्या अर्ध्या घराची आली.

पावसकरांनी कागद पुढे ओढले. "दोनशे पंचावन्न दिवस धरून टोळी कायम. कीरांचं काय करायचं ते कंपनीनं बघावं. तांबे, तुम्हाला पोलिसात तक्रार द्यायची असेल तर हक्क आहे तुमचा."

सगळे भिवा तांब्यांकडे बघायला लागले. ते पुढे आले, बाबूच्या समोर उभे राहिले.

"तक्रार देणार नाय," ते म्हणाले. "त्याच्या पोरांनी काय केलंय? पण बाबू, फाटकावर मला हाक मारू नकोस यापुढं. मी उत्तर देणार नाय."

बाबूनं मान हलवली.

गानू खाकरले. घाम पुसत उठले, जरा हसल्यासारखं केलं. "बरं, तांबे, झालं गेलं विसरू या. गैरसमज झाला. उद्यापासून या कामावर."

"उद्यापासून?" भिवा तांबे जागचे हलले नाहीत. "साहेब, सोमवारपासून आजपर्यंत चार दिवस माझ्या नावापुढं काय लिहिलंय?"

विठूनं कायमवाल्यांचं मस्टर आणून टेबलावर उघडलं. तांब्यांच्या ओळीत सोमवार ते गुरुवार, चार लाल फुल्या.

"बावीस वर्षांत माझी बिनपगारी गैरहजेरी एक पण नाय. तुम्ही घरी पाठवलंत म्हणून मी नव्हतो. ह्या फुल्या तुम्ही काढा, साहेब. तुमच्या हातानं. आणि सोमवारी दारात जे होते ना, त्या सगळ्यांना आत बोलवा. त्यांच्यासमोर चोर म्हणालात, त्यांच्यासमोरच लिहा."

गानू पावसकरांकडे बघायला लागले, पावसकर खिडकीबाहेर. शेवटी गानूंनी विठूला मान हलवून खूण केली. एकेक कामगार आत येऊन भिंतीशी उभा राहिला. कमलाही आली.

गानूंनी पेन उघडलं. पहिली फुली खोडली, बाजूला "हजर" लिहिलं, सही केली. दुसरी. तिसरी. चौथ्या वेळी त्यांचा हात थांबला. "तांबे," ते हळू आवाजात म्हणाले, "मी चुकलो. तुम्ही चोर नाही." मग चौथी खोडली.

भिवा तांब्यांनी मस्टर बंद केलं, काखेत घेतलं आणि ते टाइम ऑफिसकडे निघाले. दुसरी पाळी यायला वेळ होता, पण ते जाऊन बसले. कमला दारातून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. तिच्या शेजारी मी रडत होते आणि कोणी बघेल याची मला फिकीर नव्हती.